गोव्यातले जुने मांगर शोधायला निघताय? या चुका टाळा

आडवाटेला जुना मांगर, म्हणजे शेतातलं-बागेतलं कामाचं नि साठवणीचं खोपटं, दिसला की माझी गाडी थांबतेच. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, अर्धवट उघड्या दारातून दिसणारी सुपारीची रास किंवा पेंढा. पणजी-म्हापसा रस्त्यावर हे सापडत नाही. त्यासाठी फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, शिरावं लागतं, सत्तरीत किंवा सांगे-काणकोणच्या आतल्या वाटांवर जावं लागतं, नाहीतर फेरीबोटीने दिवाडी-चोडण ही बेटं गाठावी लागतात. हल्ली मुद्दाम यासाठी हिंडणारी मंडळी वाढली आहेत आणि ते फार चांगलं आहे. मात्र त्यांच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात. मांगर म्हणजे पडकी, सोडून दिलेली वास्तू, असं ते धरून चालतात. खरं तर मांगर शेती-बागायतीच्या रोजच्या कामातला असतो. त्याला मालक असतो, कसणारा असतो आणि कामाचा मोसमही असतो.

छप्पर ढासळलंय म्हणून मांगर बेवारस आहे, असं कधीच समजू नका. गोव्यात जमिनीच्या एका तुकड्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (सातबारासारखी हक्काची नोंद) ढीगभर नावं असणं नेहमीचंच आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी दोघांनाही सारखा वारसाहक्क मिळतो, त्यामुळे पिढीगणिक हिस्सेदार वाढतात. कोणी मुंबईला असतो, कोणी लिस्बनला. त्यात १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्याला हक्क दिले. मालक परदेशी असला तरी त्याच मांगरात कोणीतरी रोज नारळ, चुडतं (माडाच्या झावळ्या), कोयता ठेवून जात असतो.

म्हणूनच गावात उतरल्याउतरल्या ‘हा मांगर कोणाचा? मालक गोव्यातच असतात का?’ असं विचारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बनावट कागदपत्रं करून जुन्या मालमत्ता बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. तेव्हापासून गळ्यात कॅमेरा अडकवून मालकाची चौकशी करणाऱ्या परक्या माणसाकडे गाव संशयाने बघणारच, आणि त्यात गावाची काही चूक नाही. मालकीऐवजी कामाबद्दल विचारा. गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) उभं राहून ‘कोण आसा?’ अशी हाक द्या. बाई बाहेर आल्या तर ‘मावशी, हांगा सुपारी सुकयतात?’ एवढं विचारलं तरी पुरे. यंदा सुपारी कशी झाली, माकडांनी किती नारळ पाडले, हे बोलणं सुरू झालं की दार आपसूक उघडतं. फोटोचं मग विचारा. नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा, दुरूनही काढू नका. कुत्रा अंगावर आला तर पळू नका, जागच्या जागी थांबा. त्याच्या भुंकण्यानेच घरचं माणूस बाहेर येतं.

दुसरी मोठी चूक मोसमाची. जून ते सप्टेंबरमध्ये हिरवाई असते खरी, पण मांगर दिसतच नाही. मातीच्या भिंतींना पाऊस लागू नये म्हणून बाहेरून विणलेल्या चुडतांची झड बांधलेली असते, हल्ली निळी ताडपत्रीही असते. आत सगळं बंद. वर भिजलेल्या भिंती आणि कुजके वासे याच दिवसांत कोसळतात. भातकापणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. खळ्यावर मळणी, पेंढ्याची रचाई, सगळं बघायला मिळतं. सुपारीसाठी थंडीनंतरचे महिने बरे. मे महिन्यात भिरंडांची (कोकमाची) सोलं सुकत असतात.

काजूच्या बोंडांपासून फेणी गाळणाऱ्या भट्ट्यांचं गणित मात्र वेगळं आहे आणि इथे बरेच जण फसतात. गेल्या वर्षीच्या फोटोवरून भट्टी शोधत डोंगरावर जातात आणि तिथे नुसतं काळं पडलेलं चुलाण सापडतं. मार्च ते मे एवढाच तिचा जीव. छप्पर चुडतांचं किंवा पत्र्याचं, मोसम संपला की काढून ठेवतात. त्यामुळे भट्टीची जागा दरवर्षी गावातच विचारावी लागते. चालू भट्टीवर गेलात तर कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडीत, बोंडू (काजूची फळं) तुडवणाऱ्याच्या वाटेत येऊ नका आणि भाणाला, म्हणजे रस उकळायच्या मडक्याला, हात लावू नका. त्या मडक्या-नळ्यांच्या जुळणीत कुठेही वाफ सुटली तर धार बिघडते आणि पेटत्या आगीपाशी चेष्टा नको. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजू फेणी अशाच आडोशाला तयार होते, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

मांगराचं वय कौलावरून ठरवू नका. कौलाच्या पाठीवर १८६५ असं वाचलं की लोक आनंदाने घोषणा करतात, दीडशे वर्षांचा मांगर! बाझल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि छाप्यातला आकडा कारखान्याचा असतो, छपराचा नाही. शिवाय कौलं एका घरावरून उतरून दुसऱ्यावर चढतात. त्यापेक्षा चिरा जवळून बघा. हाताने घडवलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके, कमीजास्त खोल घाव दिसतात. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या सारख्या रेघा असतात. सांध्यात माती आहे, चुना आहे की सिमेंट, तेही तपासा. वासे खिळ्यांनी जोडलेत की लाकडी खुंट्यांनी, हे आत गेल्यावर कळतं. एवढं पाहून ‘जुना’ म्हणा, साल मात्र घरच्या म्हाताऱ्या माणसालाच विचारा.

आत जाताना घाई नको. उन्हातून थेट अंधारात पाऊल टाकू नका. पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, चिऱ्यांच्या फटींत घोणस, फुरसं, नाग असू शकतात. काठी आपटत, टॉर्च लावून, बूट घालूनच जा, पण शेणाने सारवलेली जमीन दिसली तर आधी घरच्यांना विचारून बूट बाहेर काढा. वर गांधीलमाशीचं पोळं आहे का, तेही बघा. बाजूला छोटी घुमटी किंवा शेंदूर लावलेला दगड असेल तर तो राखणदार, म्हणजे त्या जागेची राखण करणारं दैवत, आहे. तिथल्या दगडाला हात लावायचा नाही, वर चढायचं नाही.

नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फोन खाजन शेतीच्या (खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या) बांधावरची वाट सरळ रस्ता म्हणून दाखवतो आणि पुढे मानसापाशी (पाणी आत-बाहेर सोडायच्या दरवाजापाशी) गाडी वळवायला जागा उरत नाही. मानसाच्या फळ्या भरती-ओहोटीच्या पाण्याने उघडतात-मिटतात. त्यांवर उभं राहून फोटो काढायला जाऊ नका. बेटांवर फेरीबोटीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्या. सत्तरी-सांग्यात अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागा. फोनला रेंज नसते आणि वळणावर गवा रेडा उभा असला तर दिव्यांच्या उजेडातही उशिरा दिसतो.

फोटो काळे येत असतील तर फ्लॅश मारू नका. छपरात बहुतेकदा एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. त्याची तिरीप जमिनीवर पडेल अशा वेळी, साधारण सकाळी दहाच्या पुढे, प्रकाश उजळ भागावरून मोजा आणि फोन कशाला तरी टेकवून धरा. ड्रोन उडवायचाच असेल तर आधी सरकारचा डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा नकाशा बघा, कारण दाबोळीचा नौदल तळ आणि मोपा विमानतळ यांमुळे मोठ्या भागावर निर्बंध आहेत.

फोटो टाकताना नेमकं ठिकाण जोडू नका, तालुक्याचं नाव पुरे. जुनी दारं, खांब, कोरीव तुळया, तांब्याची भांडी यांना हॉटेलं आणि बंगले सजवणाऱ्यांकडून चांगला भाव मिळतो, आणि राखायला कोणी नसलेल्या मांगराचा पत्ता तुमच्या फोटोतून त्यांच्या हाती लागतो. फोटोची एक छापील प्रत मात्र घरच्यांना नेऊन द्या.