सोसायटीच्या ग्रुपवर नेमकं उत्तर मिळवायचं असेल तर

‘कोणी चांगला प्लंबर सांगा’ एवढंच टाकलं की दोन नंबर, चार अंगठे आणि मध्येच कुणाचं तरी ‘शुभ सकाळ’ येतं. काम तिथंच राहतं. त्यापेक्षा एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा: ‘बी विंग, तिसरा मजला. बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपतंय. अशी गळती कुणी दुरुस्त करून घेतली आहे का? फरशी फोडावी लागली का, खर्च साधारण किती आला?’ असं विचारलं की ज्यानं खरंच काम करून घेतलंय तोच बोलतो. काम झाल्यावर त्याच मेसेजला रिप्लाय देऊन अनुभव लिहा. पुढे कुणी सर्चमध्ये ‘गळती’ टाइप केलं की ते सापडेल.

उत्तर देताना मूळ मेसेज उजवीकडे सरकवा, म्हणजे तो वर जोडला जातो. नाहीतर ‘हो, चालेल’ हे टँकरला होतं की गणपतीच्या वर्गणीला, कुणास ठाऊक! मीटिंगची वेळ ठरवायला पोल टाका. व्हॉट्सॲप १२ पर्यंत पर्याय देऊ देतं, पण माझं मत विचाराल तर तीन पुरेत; जास्त दिले की मतं फुटतात. निर्णय झाला की तो एका ओळीत लिहून पिन करा. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, हवी ती मुदत निवडता येते.

आणि पार्किंगवरून कुणाशी जुंपलीच, तर टायपिंग थांबवून सरळ फोन लावा.