सायकलच्या क्रँकची योग्य लांबी कशी ठरवावी?

सायकल चालवताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, किंवा पायडल वर येताना मांडी पोटाला टेकत असेल, तर क्रँकची, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसते त्या दांड्याची, लांबी तपासायला हवी. ही लांबी क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून पायडलच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजतात. बहुतेक क्रँकवर आतल्या बाजूस, पायडलच्या छिद्राजवळ, १६५, १७०, १७२.५ किंवा १७५ असा मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. चिखल पुसून तो आधी वाचावा.

त्यानंतर सीट तपासावी. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. कंबर न कलता गुडघा जेमतेम सरळ झाला, तर उंची साधारण बरोबर आहे. सीट खाली असल्याने होणारी गुडघेदुखी पुष्कळदा क्रँकच्या माथी मारली जाते, म्हणून ही पायरी गाळू नये.

आता पायाचे माप घ्यावे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. या आकड्याला २.१ ने गुणले की मिलिमीटरमध्ये एक अंदाज मिळतो: माप ७६ असेल तर सुमारे १६०. हा केवळ अंदाज आहे. सांध्यांची लवचिकता आणि हँडलवर किती वाकून बसतो, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

खरा निर्णय पायडल सर्वांत वर असताना होतो. कुणाला तरी बाजूने आणि मागून पाहायला सांगून पायडल सावकाश उलटे फिरवावे. वरच्या टोकाला गुडघा बाहेर फेकला जात असेल किंवा कंबरेत अडल्यासारखे होत असेल, तर क्रँक लांब आहे. १७० ऐवजी १६५ चा क्रँक घेऊन सीट ५ मिलिमीटर वर केली, तर वरच्या टोकाला सीट आणि पायडल यांतले अंतर १० मिलिमीटरने वाढते, आणि दुखऱ्या गुडघ्याला एवढा फरकही चांगलाच जाणवतो.

आखूड क्रँकने जोर कमी पडेल, ही भीती बाळगू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ते २२० मिलिमीटरचे क्रँक वापरून पाहिले गेले आणि १४५ व १७० या दोन्हींवर जवळपास सारखीच कमाल शक्ती मिळाली. घाट चढताना मात्र पायडल थोडे जड लागते; अशा वेळी एक गीअर हलका घेऊन पाय जरा जलद फिरवावेत. म्हणून दोन मापांत मन घुटमळत असेल, तर माझ्या मते आखूड माप घ्यावे.

खरेदीपूर्वी नवा क्रँक आपल्या बॉटम ब्रॅकेटच्या (सांगाड्याच्या तळाशी क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या भागाच्या) आसावर बसतो का, हे दुकानात विचारावे. घरी काम करायचे असल्यास डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हे ध्यानात ठेवावे. चौकोनी आसावरचा क्रँक काढताना पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचे अवजार, क्रँकच्या आट्यांत पूर्ण बसवल्याशिवाय जोर लावू नये, कारण ॲल्युमिनियमचे आटे सहज झिजतात. नवा क्रँक बसवल्यावर, क्रँक जितका आखूड झाला तितकीच सीट वर घ्यावी आणि पहिल्या फेरीनंतर क्रँकचा बोल्ट पुन्हा तपासावा.