नवा पाय बसवला? मग या चुका टाळा भो

गुडघ्याखाली माझा पाय नाही त्याला ११ वर्षं झाली. भुसावळच्या उन्हात रोज कृत्रिम पाय चढवून किराणा दुकान चालवतो, म्हणून आजूबाजूला कोणाला नवा पाय बसला की फोन मलाच. आणि दर वेळी तेच, "भाऊ, पाय टोचतो, दुसरा बनवू का?" अरे आधी मोजे बघ.

सगळ्यात मोठा घोळ मोज्यांचाच आहे. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला आपला पाय, दिवसभर सारखा राहत नाही, सकाळी फुगलेला असतो, दुपारपर्यंत आटतो, आणि पहिल्या वर्षात तर हळूहळू बारीकच होत जातो, म्हणजे सकाळी फिट बसलेला सॉकेट (नव्या पायाचा वरचा खोलगट भाग, ज्यात स्टंप बसतो) दुपारी ढिला, स्टंप खाली घसरतो नि टोकावर वजन येतं. तेव्हा फक्त स्टंपवर एक जादा मोजा चढवायचा. मी नाही चढवला. पहिल्याच वर्षी मे महिन्यात अमळनेरला मावसभावाचं लग्न, वरातीत पाय हलायला लागला, बाजूला जाऊन खिशातला हातरुमाल घडी करून सॉकेटच्या तळाशी कोंबला नि परत नाचलो. म्हटलं, काय व्हस! रात्री पाय काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला नि घडीची रेघ कातडीत उमटलेली. पाच आठवडे कुबड्या, दुकान भावाच्या गळ्यात. तेव्हापासून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत दोन जादा मोजे असतातच. पाय काढल्यावर लाली १०-१५ मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली तर पाय बाजूला, मग बाजाराचा दिवस का असेना.

सॉकेट गॅसवर तापवून घरीच रुंद करणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

दुसरं, गुडघ्याखाली उशी. चोपड्याकडच्या एका पोराची माय मायेनं रोज गोधडीची घडी ठेवायची, दोन महिन्यांनी माप द्यायला गेला तर गुडघा सरळच होईना, आधी व्यायाम करून या म्हणून परत पाठवला. माय, पाय सरळच ठेवू दे, म्हटलं तर तिला माझाच राग आला. येऊ दे.

चप्पल बदलली नि टाचेची उंची बदलली तर चाल बिघडते, माप देताना जी चप्पल होती तशीच घ्या.

स्टंप सकाळी नाही, रात्री धुवा, ओल्या कातडीवर सॉकेट घासतो. मोजेही रोज धुवा.

जयपूर फूट १९६८ साली मास्तरजी रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठींनी केला तो अनवाणी, शेतात, चिखलात चालता यावं म्हणूनच, पण म्हणून केळीच्या बागेतून आल्यावर तसाच मातीनं माखलेला कोपऱ्यात टाकायचा का? धू ना बाबा.

आणि रात्री. झोपेत पाय आहेच असं वाटतं, माणूस उठतो नि धाडकन आपटतो, मी दोनदा आपटलोय. आता कुबडी खाटेच्या डाव्या अंगाला, हात पडेल तिथंच, आणि सकाळी झाडताना हलवली तर परत तिथंच ठेवायची असं बायकोला सांगून ठेवलंय.