चवडा जळतोय? आधी बूट सैल करा

खंबाटकी घाट चढून आलं की चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं होतं, बोटं बधिर होतात, अशी तक्रार आमच्या सायकलिंग ग्रुपमध्ये कुणीतरी करतंच. माझं उत्तर ठरलेलं: बूट सैल कर. उन्हात पाय सुजतात. सकाळी नीट बसलेला बूट दुपारी चवड्यातल्या नसा आवळतो. म्हणून बूट संध्याकाळी घ्यायचे, सायकलिंगचे मोजे घालूनच. आत बोटं हलली पाहिजेत.

तरी जळजळ राहिली तर क्लीट बघा, म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. ४ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी पाना) घेऊन दोन्ही क्लीट टाचेकडे २-३ मिलिमीटर सरकवा. आधी जुन्या जागेभोवती पेनाने रेघ मारा, नाहीतर परत कुठे आणायचं ते कळत नाही. क्लीट मागे गेली की सीटही किंचित खाली घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात.

साधं पेडल असेल तर कडक तळव्याचे बूट वापरा. मऊ रनिंग शूज नकोत.

चढावर जड गिअर रेटू नका, हलका लावून पाय भराभर फिरवा.

सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ग्रुपमधल्या सल्लागारांना नको. त्यात मीही आलो.