जुन्या हिंदी सिनेमाच्या पोस्टरच्या धर्तीवर रंगवताय? या चुका टाळा

निळा गाल, तांबडं कपाळ आणि खाली उधळलेला घोडा. एवढं जमलं की सत्तरच्या दशकातलं पोस्टर झालं, अशा समजुतीनं रंगवलेले फलक गणपतीत कोल्हापूरच्या गल्लोगल्ली दिसतात. सिनेमे काढणाऱ्या आणि त्यांची पोस्टरं स्वतः रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात तरी हे होऊ नये.

सगळ्यात मोठी चूक चेहऱ्याच्या रंगात होते. तो निळा शोभेचा नसतो. चेहऱ्यावर दोन बाजूंनी दोन उजेड येतात, एक ऊबदार आणि एक थंड. तांबड्या बाजूला संताप किंवा ओढ, निळ्या-हिरव्या बाजूला रात्र, भीती, कपट. खलनायकावर उजेड बहुधा खालून.

एका तालीम मंडळाच्या १२ फुटी फलकावर नायकाचा अर्धा चेहरा कोबाल्ट निळ्यात भरपूर पांढरा कालवून रंगवला होता. जवळून सुरेख दिसायचा. बांबूवर चढवून रस्त्यापलीकडून पाहिला, तर नायक मार खाऊन सुजलेला! निळी बाजू तांबडीइतकीच उजळ झाली होती, त्यामुळे चेहऱ्याचा उठाव गेला. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) पातळ करून निळ्या भागावर एक हात दिला, दोन उजेड भेटतात तिथं नाकाच्या कडेनं गडद पट्टा ओढला आणि पांढरा फक्त गालफडावर व नाकाच्या शेंड्यावर ठेवला. चेहरा पुन्हा उभा राहिला.

म्हणून रंग चढवताना मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढत जा. त्यात निळी बाजू स्पष्ट गडद दिसायलाच हवी. मग ३० फूट मागं जाऊन डोळे किलकिले करून बघा. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू आधी नाटकाचे पडदे रंगवायचे. लांबून बघणाऱ्यासाठी रंगवणं ही या कलेची मुळातलीच शिस्त आहे.

पोस्टर कलर रंगाच्या सुरीनं (पॅलेट नाइफनं) जाड थापू नका, वाळताना तडकतो. सुरीला तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिकच हवा.

नवशिक्यांना प्रोजेक्टरची घाई असते. त्यानं फोटोतली प्रत्येक सुरकुती उतरते आणि काय गाळायचं हे शिकायचंच राहतं. ६ × ८ इंचांच्या कच्च्या चित्रावर १ इंचाचे चौकोन आखा आणि ३० × ४० च्या कागदावर ५ इंचांचे. दोन्हीकडं ४८ चौकोन येतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते करा.

नमुना म्हणून अस्सल जुनं पोस्टर हाती लागलं तर लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य.

आता लेटरिंग, म्हणजे सिनेमाच्या नावाची अक्षरं. संगणकावरचा टाइप चिकटवला की सगळी मेहनत वाया जाते. सूडाच्या गोष्टीला तडे गेलेली दगडी अक्षरं, प्रेमकथेला कुंचल्याची वळणं; नाव वाचायच्या आधी अक्षरानं गोष्ट सांगायची असते. हातानं काढणारेही आधी इंग्रजीसारखी चौकट आखतात, मग वेलांटी आणि रफार कापले जातात. नावासाठी ८ इंच उंची असेल तर वर मात्रांना २, अक्षराला ४, खाली उकाराला २ इंच सोडा. अक्षर ठोकळ्यासारखं दिसावं म्हणून दाखवलेल्या जाडीच्या सगळ्या रेषा एकाच बिंदूकडं जाऊ द्यात. त्यासाठी खिळा ठोकून दोरा ताणा. उजेड चेहऱ्यावर डावीकडून असेल, तर अक्षराची उजवी बाजू अंधारात घाला. शिरोरेघ शेवटी, एका दमात.