शेळीच्या खाण्याची आवड कशी ओळखावी

‘बकरी काय, कागदसुद्धा खाते!’ इंदुरात हे हमखास ऐकायला मिळतं. खरं तर गोठ्यात तिच्याइतकं चोखंदळ जनावर नाही. कागद ती बहुतेक वेळा नुसता हुंगून, ओठांत धरून बघते. गाय गवतावर जिभेचा वेढा टाकून घास ओढते. शेळीचा वरचा ओठ मात्र बोटांसारखा चालतो. इंदूरजवळ सिमरोलकडच्या आमच्या बांधावर बोरीची फांदी धरली, की ती काटा सोडून नेमकं पान उचलते.

आधी चाचणी घ्या. बाभूळ, बोर, सुबाभूळ आणि सोयाबीनचं कुटार (भुसा), प्रत्येकी अर्धा किलो वेगवेगळं ठेवा. तासाभराने उरलेलं तोला. जागा बदलून तीन-चार दिवस हेच करा, नाहीतर शेळी पाल्याला नव्हे, कोपऱ्याला पसंती देतेय की काय, ते कळत नाही. आवडलं म्हणून एकच पाला रोज टाकू नका. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून ती एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवा.

मग पाला टांगा. शेळीला मान वर करून, वेळ पडली तर मागच्या दोन पायांवर उभी राहून खायला आवडतं. जुडी तिच्या तोंडाच्या किंचित वर बांधा. जमिनीवर पडून लेंडीमुताचा वास लागलेलं पान ती पुन्हा तोंडात घेत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी निम्मा पाला असा वाया गेला, आणि आम्ही बकरीलाच नखरेल म्हणत बसलो.

३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण २ किलो ओला पाला, ४०० ग्रॅम हरभऱ्याचं किंवा तुरीचं भुसकट आणि १५० ग्रॅम खुराक (दाणा-पेंड) पुरतो. पाला थोडा जास्तच टाका, ती निवडून खाणार आणि उरवणारच.

खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. एका लग्नातल्या उरलेल्या पुऱ्या आणि भात कुणीतरी प्रेमाने आणून टाकला, आमची काळी शेळी रात्रभर कण्हत राहिली. पिठूळ अन्न एकदम पोटात गेलं, की पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात आम्ल वाढतं आणि रवंथ थांबतो. पोट टम्म फुगलं तर घरगुती काढे करत बसू नका, लगेच पशुवैद्याला बोलवा.

पावसाळ्यात ओला पाला देण्याआधी थोडं कुटार खाऊ द्या. कण्हेर, घाणेरी आणि कोवळी ज्वारी विषारी असतात, त्यांच्या जवळ शेळ्या नेऊ नका, उपाशी असताना तर नाहीच. एरवी टाळलेलं झुडूपही भुकेली शेळी तोंडात घेते.

करडं काय खायचं ते आईच्या तोंडाकडे बघून शिकतात. नवा पाला सुरू करायचा असेल तर आधी आईपुढे टांगा, आणि करडू तिच्या शेजारी मोकळं सोडा.