चिनीत शोधनिबंध लिहिताय? आधी ‘द’ तपासा

परभणी-लातूरकडून चीनला शिकायला गेलेल्या पोरांसाठी हे. सोयाबीनवरचा निबंध आधी मराठीत लिहून मग चिनीत नेऊ नका. शब्द चिनी होतात, वाक्याची हाडं मराठीच राहतात. त्यापेक्षा सीएनकेआय या चिनी डेटाबेसवरून आपल्याच विषयाचे पाच-सहा निबंध काढा आणि त्यातली ठरीव वाक्यं वहीत उतरवा. ‘मी’साठीचा ‘वो’ गप्पांना ठीक. निबंधात ‘बन-वन’ म्हणजे ‘प्रस्तुत निबंध’ शोभतो.

खरी गोची शब्द जोडणाऱ्या चिनी ‘द’ची. उच्चार एक, अक्षरं तीन: एक साधारणपणे नामाआधी, दुसरं क्रियापदाआधी, तिसरं क्रियापदानंतर. पिनयिननं, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहून, टाइप करताना समोर येईल ते अक्षर आपण दाबतो अन् पुढं जातो. (मराठीत ‘कि’ आणि ‘की’चं आपण करतो, तसंच!) म्हणून शेवटी प्रिंट काढा आणि बाकी काही न बघता फक्त ‘द’वर पेनानं गोल करत जा.

यादीतल्या शब्दांमध्ये स्वल्पविराम नको, चिनीत त्यासाठी थेंबासारखं वेगळं चिन्ह आहे. संदर्भसूची बहुतेक ठिकाणी जीबी/टी ७७१४ या राष्ट्रीय मानकाप्रमाणे लागते: नियतकालिकापुढं चौकटी कंसात इंग्रजी ‘जे’, पुस्तकापुढं ‘एम’, प्रबंधापुढं ‘डी’.